कोनच्या डाइंगमधले हात

भिवंडीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या बार्शीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गडबडले. देवळाचं नाव सांगावं तर मी देवळात गेले नव्हते, खाडीचं सांगावं तर ती बसच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच. खरं सांगायचं तर मी तिथे माणसांचे हात बघायला गेले होते. तसं सांगितलं, तर शेजारच्या काकूंनी लगेच आपला तळहात पुढे केला. मी कॉलेजात ज्योतिष शिकते असं त्यांना वाटलं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे, पण जे घडलं ते खरंच सांगण्यासारखं आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मी सोलापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, आणि आमच्या सरांनी मला प्रबंधासाठी विषय दिला तो असा: कामगाराच्या कातडीवर आणि कातडीच्या आत किती रसायन जातं ते मोजायचं. पाण्यातलं, हवेतलं मोजण्याची पुस्तकं आमच्या लायब्ररीत आहेत. कातडीवरचं कसं मोजायचं ते मात्र सरांनी मला जवळजवळ तोंडीच शिकवलं. रीत तशी सोपी. ओल्या गाळणकागदाने तळहात पुसायचा, म्हणजे वरवरचं कागदावर येतं. मग चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढून काढायची. तिच्यासोबत कातडीचा अगदी पातळ पापुद्रा निघतो, दुखत नाही. त्याच जागी पुन्हा पट्टी, पुन्हा ओढायची. प्रत्येक पट्टी थोडी आणखी आतली बातमी आणते.

मला शोधायचं होतं ते क्रोमियम. कापड रंगवल्यावर रंग पक्का करण्यासाठी काही डाइंगमध्ये, म्हणजे रंगाच्या कारखान्यांत, बायक्रोमेट नावाचे नारिंगी दाणे वापरतात, त्यात ते असतं. कागदावर दोन थेंब आम्ल आणि दोन थेंब एका औषधाचे टाकले, आणि क्रोमियम असलं, तर कागद जांभळा होतो. सोलापुरात आम्हाला एकाही डाइंगवाल्याने आत घेतलं नाही. तेव्हा माझी हॉस्टेलची मैत्रीण छाया म्हणाली, "माझी आत्या कोनला असते, भिवंडीजवळ. त्यांच्याच जागेत डाइंग आहे. तू जा, मी निरोप पाठवते."

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांचे हात पुसायला भिवंडीला जायचं?" पण दुसऱ्या दिवशी बाटल्या ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनीच आणून दिला, आत भुसा भरून.

कोन

प्रवासाचं सांगत नाही. एवढंच, की डिस्टिल्ड पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक एसटीतच फुटली आणि पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी ते ओलं प्रकरण काय आहे याबद्दल फार वाईट शंका घेतली.

कोन हे कल्याणहून भिवंडीला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला लूमचे गाळे. भात कापून झाला होता, आणि लूमचा खडखडाट मात्र थांबत नव्हता. सोलापुरात मी माग ऐकलेले आहेत, पण इथला आवाज जमिनीतून पायात येतो. पहिल्या रात्री मी दचकून उठले, दुसऱ्या रात्री त्या आवाजाशिवाय झोप आली नसती.

मथुराआत्या दारातच उभ्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, मोठं कुंकू. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "अगो, डब्याला कवटाळून काय बसलीस? सोनं हाय का त्यात?"

"रसायन आहे आत्या."

"मग सोन्यापरीस वायट. त्या कोनाड्यात ठेव. आधी जेव."

जेवायला तांदळाची भाकरी. आम्ही ज्वारीची खाणारी माणसं, मला वाटलं होतं भाकरी म्हणजे भाकरी. तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ, हातरुमालासारखी घडी होणारी. सोबत वालाचं बिरडं आणि सुकट. सुकटीचा वास आला आणि माझा घास हातातच राहिला. आत्यांनी बघितलं. "खात न्हायस? बार्शीला मासली न्हाय का?" मी म्हटलं, आमच्याकडे नदीसुद्धा पावसापुरतीच असते. त्या इतक्या हसल्या की ओटीवरून त्यांचे यजमान काय झालं म्हणून बघायला आले. मग मी डोळे मिटून घास घेतला. तिसऱ्या दिवशी मागून घेत होते.

डाइंग

डाइंग म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. आत सिमेंटचे हौद, वाफ, आणि एक उग्र वास, जो नंतर केसांतून जात नाही. रंगाचा सगळा हिशेब शफीकमास्टरांच्या डोक्यात. डोळ्यांना सुरमा, पायात रबरी बूट, बोलणं मऊ. आत्यांनी माझी ओळख करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "बेटी, नापना क्या है? रंग? वो तो हाथ पे दिखताच है."

मी अडखळत सांगितलं की जे दिसत नाही ते मोजायचं आहे. त्यांना ते पटलं असावं असं नाही, पण त्यांनी कामगारांना हाक मारली, "चलो रे, कॉलेजवाली मॅडम हाथ देखेंगी. एक एक करके आओ."

मला तोपर्यंत कळलं नव्हतं की परक्या पुरुषाचा हात हातात घ्यायचा म्हणजे काय. आमच्याकडे बांगड्या भरणाऱ्याकडे बायका हात देतात, तेवढंच. मी खाली बघत एकेकाचा तळहात पुसत गेले. तेही बिचारे दुसरीकडे बघत होते. सगळ्यांचे हात मात्र स्वच्छ, इतके स्वच्छ की मला कौतुक वाटलं. कागद वाळत घातले, थेंब टाकले, आणि वाट बघत बसले.

सगळे कागद पांढरे. पुन्हा पुसलं, पुन्हा थेंब. पुन्हा पांढरे. उरलेली पाण्याची बाटली त्यातच संपली. ज्या हौदात नारिंगी पाणी दिसतंय त्याच्यात दिवसभर हात घालणाऱ्या माणसांच्या हातावर काहीच नाही, हे कसं? सोलापूरला परत जाऊन सरांना काय दाखवणार, कोरे कागद?

तेवढ्यात मला नळापाशी एक माणूस दिसला. तो आलाच नव्हता. पंचविशीतला, दोन्ही हात पोटाशी धरलेले. मी त्याला बोलावलं, तर रामधनी नावाचा एक धिप्पाड कामगार मोठ्याने म्हणाला, "अरे मॅडम, बद्री को मत छूना! हाथ झड़ जाएगा, फिर शादी कौन करेगा आपसे?"

सगळे हसले. बद्रीही कसनुसा हसला. मी जवळ गेले. त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, मनगटाची कातडी सुजून ओलसर झाली होती. मी विचारलं, "दुखतं का?"

"जलता है," तो म्हणाला. "पर छूत का है, आप दूर से बात करो."

हकीकत शफीकमास्टरांनी सांगितली. ही सगळी मंडळी उत्तर प्रदेशातली, बायकामुलं गावी. जेवायला भिशी लावलेली. भिशी म्हणजे इथे खानावळ: महिन्याचे पैसे द्यायचे आणि दोन वेळ एका पंगतीत जेवायचं. लांबून आलेल्या माणसाचं तेच घर, तेच नातेवाईक. बद्रीचे हात असे झाल्यावर भिशीतल्यांनी त्याला बाहेर बसवलं. महारोग आहे म्हणाले. तेव्हापासून तो नळाजवळ एकटा जेवत होता. रामधनी त्याच्याच गावचा, आणि पुढच्या आठवड्यात गावी निघालेला. तो तिकडे गेला की ही खबर जाणार. मग गावातही बद्रीचं ताट बाहेर पडणार, आणि तिथून परत आत यायला वाट नाही.

"मास्टर, डॉक्टरला दाखवलं का?"

"जाताच नहीं. बोलता है, डॉक्टर ने भी वोही बोल दिया तो?"

मला त्या क्षणी माझ्या प्रबंधाची लाज वाटली. आणि हेही वाटलं की याचं उत्तर त्या प्रबंधातच असेल तर? पण माझे कागद पांढरे होते.

पडघा

दुसरा दिवस शुक्रवार. भिवंडीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, लूमही बंद. त्या दिवशी एवढी शांतता पसरली की मला कुणीतरी वारलंय की काय असं वाटलं. आत्यांना पडघ्याच्या बाजारात जायचं होतं. मला पाणी हवं होतं. आत्यांचे यजमान म्हणाले, "पडघ्याला ट्रकच्या बॅटऱ्यांत घालायचं पाणी मिलतं. त्ये चालंल का?" मला एकदम हायसं वाटलं. चालेल, आधी कोऱ्या कागदावर थेंब टाकून तपासलं म्हणजे झालं.

पडघा नाशिकच्या हमरस्त्यावर. ट्रकांची रांग, एसट्या, भाजीच्या पाट्या, गोणीवर मांडलेली सुकी मासळी. आत्यांनी बोंबलाच्या भावावरून एका बाईशी असं काही भांडण केलं की मला वाटलं आता मारामारी होते. शेवटी दोघी एकमेकींच्या सुनांची चौकशी करत हसत सुटल्या. आमच्याकडे एवढं भांडल्यावर दोन पिढ्या बोलणं बंद राहतं.

गॅरेजवाल्याने बॅटरीचं पाणी दिलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?" मी बिस्किटांचा डबा दाखवला.

मग आम्ही चहाला टेकलो. शेजारच्या बाकावर एका ड्रायव्हरने विडीसाठी काडी ओढली. गंधकाचा तो जळका वास नाकात गेला, आणि मी कप खाली ठेवला. हा वास मी काल दिवसभर घेत होते. त्या स्वच्छ हातांना हाच वास होता!

"आत्या, डाइंगमधली माणसं हात कशाने धुतात?"

"हायड्रोनं. ती भुकटी असते, रंग उतरवायची. चोलली का हात झाले चकाचक. सण असला, पाव्हणं आलं, फोटो काढायचा असला, का हायड्रो." त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तू येनार म्हनून सगल्यांनी चोललं आसंल. पोर मोठ्या कालेजातून आली, तिच्या हातात घान हात कसा द्यायचा?"

आता रसायन न शिकलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगते: हायड्रो रंग उतरवतं, तसंच ज्या क्रोमियमने माझा कागद जांभळा होतो त्याचं रूपही ते बदलून टाकतं. मग कागद पांढराच राहणार. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी देतात. इथे पाहुणीसाठी त्यांनी स्वतःचे हात धुतले होते, आणि त्या आदरातच माझी सगळी परीक्षा वाहून गेली होती. मला हसूही येईना आणि रडूही. आत्यांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "तोंड काय पाडतेस? कल्लं ना आता? उद्या घान हात माग."

पुन्हा डाइंग

घाण हात मागणं फार अवघड निघालं.

शनिवारी सकाळी मी सांगितलं की नारिंगी दाणे हौदात विरघळवून झाले की लगेच या, धुवू नका. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रामधनी, कालपरवाचा एवढा बोलका माणूस, हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. "नहीं मॅडम. ऐसा हाथ आपके हाथ में? अच्छा नहीं लगता."

माझं धाडस तसं बेताचंच आहे. वर्गात प्रश्न विचारायचा तरी मी आधी मनात तीनदा म्हणून बघते. पण नळापाशी बद्री बसलेला दिसत होता. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "मेरे बाप हमाल हैं. मिरची की बोरियां उठाते हैं. उनका हाथ पकड़ के मैं स्कूल गई. मुझे कुछ नहीं होता."

मग रामधनीने पाठीमागचा हात हळूच पुढे आणला.

मी पहिला कागद माझ्या स्वतःच्या तळहाताचा घेतला, कारण तुलनेला कोरा हात लागतोच. दुसरा रामधनीचा. तिसरा शफीकमास्टरांचा. मग भिशी चालवणाऱ्या अम्मांना बोलावलं. भिशी डाइंगला लागूनच. अम्मा म्हणजे साठीची करारी बाई, सगळे तिला घाबरून असायचे. तिने आधी झटकून टाकलं, "मेरा हाथ काहे को? मैं क्या रंग बनाती हूँ?"

"अम्मा, बद्रीची थाळी रोज कोण घासतं?"

"मैं ही घिसती हूँ. और कौन छुएगा?"

"म्हणूनच."

सगळ्यात शेवटी बद्री. त्याच्या चिरांना मी हात लावला नाही. मनगटाच्या वर, जिथे कातडी शाबूत होती, तिथे आधी पुसून घेतलं आणि मग पट्टी दाबून ओढली. पुन्हा त्याच जागी, पुन्हा. पट्ट्या क्रमाने ओल्या कागदावर चिकटवत गेले. कागद पत्र्याच्या टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर थेंब टाकले. हौदाचं काम थांबवून सगळे भोवती उभे.

माझा कागद पांढरा राहिला. अम्मांचा पांढरा. शफीकमास्टरांचा कडेने फिका जांभळा झाला. आणि रामधनीचा! त्याच्या कागदावर आधी एक ठिपका उमटला, मग बोटांचे ठसे एकेक करून वर आले, आणि बघता बघता अख्खा पंजा जांभळा झाला, पिकल्या जांभळासारखा.

"अरे बाप रे," कुणीतरी म्हणालं. "रामधनी, तेरा तो मास्टर से भी ज्यादा है!"

"हट्! मेरे को क्या हुआ है?" रामधनी हाताकडे उलटसुलट बघायला लागला. "मेरा हाथ तो साफ है. देखो!"

मग बद्रीच्या पट्ट्या. पहिली जांभळी. दुसरी जांभळी. तिसरीसुद्धा. फिकी होत गेली, पण जांभळीच. क्रोमियम त्याच्या कातडीच्या आत गेलं होतं.

मी जमेल तसं सांगितलं की ज्यांनी दाण्यांना हात लावला त्यांच्याच कागदावर रंग आला आहे. अम्मा रोज बद्रीची थाळी घासतात, तरी त्यांचे हात धड आहेत आणि कागदही पांढरा आहे. सगळ्यांच्या हातावर ही चीज बसते, बद्रीच्या कातडीला ती सोसलेली नाही. पण मी डॉक्टर नाही, म्हणून माझ्या बोलण्यावर जाऊ नका. हे कागद घेऊन आता डॉक्टरकडे चला.

बद्री जागचा हलेना. शफीकमास्टर त्याच्याजवळ गेले आणि सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चल बेटा. मेरा भी कागज जामुनी है. दोनों दिखा के आते हैं."

भिवंडीतल्या कातडीच्या डॉक्टरांनी बद्रीचे हात उलटेपालटे करून बघितले, सुईने टोचून स्पर्श कळतो का ते तपासलं, आणि पट्ट्या उजेडात धरल्या. मग मला विचारलं, "हे तू केलंस?" मी मान हलवली. ते बद्रीला म्हणाले, "महारोग नहीं है. छूत भी नहीं है. किसी को नहीं लगेगा. उस दाने को हाथ मत लगाना, बस." बोटांना मलम लावून त्यांनी बँडेज बांधलं. बद्री त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होता, "पक्का साहब? पक्का?" आणि डॉक्टर न कंटाळता सांगत होते, पक्का.

परतल्यावर शफीकमास्टरांनी डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांना ऐकवलं आणि बद्रीला कापडाच्या घड्या घालायच्या कामावर टाकलं. दाणे काढायला लांब दांड्याचा डाव आला, रबरी हातमोजे आले, आणि हात हायड्रोने चोळायचे नाहीत असं ठरलं. पुढचं इथेच सांगून टाकते: त्या चिकटपट्ट्या नीट झाकून मी सोलापूरला नेल्या, यंत्रावर मोजल्या. कातडीच्या एकेका थरात किती उतरलं त्याचा आलेख निघाला तेव्हा आमचे सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी तो आलेख विभागातल्या सगळ्यांना नेऊन दाखवला. माझे वडील तर भेटेल त्याला सांगतात, "पोरीनं कातडीच्या आतलं मोजलं."

भिशी

पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारची संध्याकाळ. अम्मांनी मला आणि आत्यांना जेवायला थांबवून घेतलं. भिशीत बायका जेवायला बसत नाहीत, त्यामुळे आम्ही आत शिरताच सगळे सावरून बसले. लांब खोली, भिंतीला खिळ्यांवर शर्ट, जमिनीवर चटईची पट्टी, पंगत बसलेली.

बद्री सवयीने आपली थाळी घेऊन नळाकडे चालला होता. अम्मा दारात गेल्या, त्याच्या हातातून थाळी काढून घेतली आणि आत येऊन पंगतीत ठेवली. "बाहर क्या बारात आई है तेरी? अंदर बैठ. रोटी ठंडी हो रही है."

थाळी ठेवली ती नेमकी रामधनीच्या शेजारी. क्षणभर मला धास्ती वाटली. रामधनीने थाळीकडे बघितलं, बद्रीकडे बघितलं, आणि मग बाजूच्या माणसाला कोपराने ढकलत म्हणाला, "सरक ना! भैंस की तरह फैल के बैठा है." जागा झाली. बद्री बसला.

डाळ आली, रोटी आली. सगळे जेवायला लागले. बद्री मात्र तसाच बसून होता. बोटांना बँडेज बांधलेलं, रोटी तुटेना. त्याने एकदा प्रयत्न केला, रोटी निसटली. मी उठणार होते, पण आत्यांनी माझा हात दाबून ठेवला. "बस गो. बघ."

रामधनीने बद्रीची रोटी उचलली, तिचे तुकडे केले आणि त्याच्या डाळीत टाकले. मग दुसरी रोटी घेतली. तुकडे करता करता, वर न बघता त्याने विचारलं, "परसों निकल रहा हूँ गाँव. तेरे घर क्या बोलूँ?"

बद्रीच्या तोंडात घास होता. त्याने तो सावकाश चावून गिळला.

"बोल देना," तो म्हणाला, "पंगत में बैठ के खा रहा था."